ओला पारा, कोरडा पारा

बंद गिरणीच्या आवारात, जिथं पूर्वी सूत भिजायचं,
तिथं आता काचेचं घर आहे.
तिकीट वीस रुपये, लहानांना दहा.
आत जंगल.

बाहेर चव्वेचाळीस. विजापूर वेशीपर्यंत
रस्त्यावर नुसती कुत्री, तीही सावली बदलत.
मी दार ढकलते: चष्म्यावर धुकं,
मानेवर कुणी ओला हात ठेवल्यासारखं.
दर वीस मिनिटांनी छतातल्या नळ्या फुसफुसतात
आणि पाऊस नव्हे, पावसाचं पीठ
पानापानांवर चाळलं जातं.
"आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी,"
एक बाई म्हणतात. रागानं नाही,
हिशेबानं.

मल्लेशम क्यातम इथला राखणदार.
साचेखात्यात सव्वीस वर्षं, मग भोंगाच बंद.
भिंतीवर दोन पारे टांगलेत, एक ओला, एक कोरडा;
माळ्याच्या पोराला ते वाचता येत नाहीत.
मल्लेशम नाकानं हवा ओढतो आणि सांगतो: अठ्ठ्याहत्तर.
हवा सुकली की ताणा तुटतो,
ताणा तुटला की जॉबर ओरडतो,
म्हणून आम्हालाही असंच शिंपडून ठेवायचे, तो म्हणतो.
फक्त आम्हाला बघायला तिकीट नव्हतं.

सोमवारी विडी कारखान्यातल्या बायका आल्या.
"पानांना हात लावू नये" ही पाटी त्यांनी मोठ्यानं वाचली
आणि मग प्रत्येकीनं लावला.
बालामणी गुंडेटीनं अंगठ्यानं शीर चाचपली,
पान न तोडता उजेडाकडं वळवलं.
"लै जाड. कात्री चालंल, पण वळायचं नाही.
ह्याच्यानं हजार भरायचे नाहीत दिवसात."
सात समुद्रांपलीकडून आलेलं ते पान
तिथल्या तिथं नापास.

शेवटच्या कोपऱ्यात जंगलातली माणसं,
म्हणजे माणसं नाहीत, त्यांच्या वस्तू.
कडू कंदाचं विष पिळायची वेताची लांब नळी;
त्याच कंदाचा साबुदाणा होतो, असं खाली लिहिलंय,
उपासाच्या बायका तिथं जरा थांबतात,
एकमेकींकडं बघतात.
आणि ताडाच्या धाग्यांची झोळी, दोन खांबांना टांगलेली.
पाटीवर नदीचं नाव आहे, जमातीचं आहे,
विणणारीचं नाही.

दुपारी कुणी नसताना मल्लेशमनं मला बोलावलं.
"हितं. सातव्या ओळीत."
एक धागा चुकला होता.
तिनं उसवला नव्हता, पुढच्या ओळीत सावरून घेतला होता.
"लेकरू रडलं असंल. नाहीतर भोंगा झाला असंल."
"जंगलात कुठला भोंगा?"
तो बराच वेळ झोळीकडं बघत राहिला.
"असंल की काहीतरी," म्हणाला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वीज गेली, ती साडेतीन तास.
नळ्या गप्प. नेच्यांनी आधी माना टाकल्या,
मग ते मोठ्या पानांचं, नाव न येणारं झाड.
काच तव्यासारखी.
दोन पारे एकमेकांपासून लांब लांब सरकू लागले,
घरातल्या भांडणासारखे.
मल्लेशम सायकल काढून गेला तो
कॅरिअरवर घरच्या सहा चादरी घेऊन आला,
मोरांच्या, जुन्या, त्याच्याच मागावरच्या.
कमळाच्या हौदात बुडवल्या, न पिळता दोरीवर टाकल्या.
मग चपला काढून, बादली घेऊन
झाडांच्या दोन रांगांमधून चालत गेला,
डावीकडं एक ओंजळ, उजवीकडं एक,
ज्या रांगा इथं नव्हत्या त्यांच्याही मधून.

वीज आली. चादरी दोन दिवस तशाच राहिल्या,
त्यांच्याखाली नेचे पुन्हा उभे.
सहलीतल्या एका पोरानं विचारलं,
ह्या कुठल्या जंगलातल्या?
मल्लेशम स्टुलावर पाय सोडून बसला होता.
"चूक शोध," तो म्हणाला. "एक आहे."
पोरगं ओल्या मोरांत नाक घालून
अजून शोधतंय.
बाई हाका मारतायत, बस सुटायची वेळ झालीय.